टिळकवाडीचे रस्ते आणि रूळ : जुने फोटो कसे वाचावेत



मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. या व्याख्यानमालेत उभे राहण्याचा माझा अधिकार एवढाच की, गेली पस्तीस वर्षे माझा दवाखाना बेळगावच्या टिळकवाडीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. दुसरे कारण म्हणजे, याच संस्थेच्या फोटो प्रदर्शनात माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती चूक भिंतीवर टांगली गेली होती आणि शेकडो लोकांनी ती वाचली. म्हणून तिची दुरुस्तीही चारचौघांसमोर व्हावी, असे मला वाटते.

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने आपण टिळकवाडी आणि रेल्वे यांचे जुने फोटो जमवले. जुन्या घरांतून, ट्रंकांतून, देवघराच्या मागच्या फळीवरून फोटो आले. जमवण्याचे आणि त्यांखाली चार ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्यात एक फोटो माझ्याच घरचा होता. रेल्वेच्या डब्यासमोर सहा पुरुष उभे आहेत. डोक्यावर टोप्या, अंगात कोट, पायांत वहाणा. डावीकडून तिसरे माझे आजोबा. मागे डब्यावर एस हे इंग्रजी अक्षर दिसते, मग आजोबांच्या शेजाऱ्याची टोपी येते आणि त्यापुढे आर. आजोबा १९२४ च्या अधिवेशनाला स्वयंसेवक होते, हे आमच्या घरात सगळे लहानपणापासून ऐकत आलेले. मी फोटो मोठा करून घेतला आणि खाली लिहिले, ‘काँग्रेस अधिवेशनासाठी आलेले प्रतिनिधी आणि स्वयंसेवक, सदर्न मराठा रेल्वे, बेळगाव, १९२४’.

तिसऱ्या दिवशी माझी आत्या प्रदर्शन बघायला आली. वय त्र्याऐंशी. काठी टेकत एकेक फोटो बघत ती या फोटोपाशी थांबली. बराच वेळ बघून तिने मला हाक मारली आणि विचारले, “काय रे, हा फोटो कुणी कापला? माझी आई कुठं गेली?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो. त्याआधी आपल्या उपनगराचे रूळ आणि रस्ते फोटोत कसे ओळखावेत, हे सांगायला हवे. ते मला आधी कळले असते, तर ही चूक झालीच नसती.

रूळ कसे आले

रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे तोंड वेंगुर्ल्याकडे होते. कापूस, धान्य, मसाले यांच्या गाड्या आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जात आणि तिकडून नारळ, मीठ, मासळी वर येई. आजही आपण ज्याला वेंगुर्ला रोड म्हणतो, तो त्या व्यापाराचा रस्ता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. धान्य एका भागात होते आणि माणसे दुसऱ्या भागात मरत होती, कारण ते पोहोचवायला साधन नव्हते. त्यानंतर दुष्काळी मुलखासाठी रेल्वे बांधण्याचे धोरण ठरले आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिची मुख्य कचेरी धारवाडला होती. त्या कचेरीच्या इमारतीत आज कर्नाटक कॉलेज भरते.

या कंपनीने मीटर गेज घातला, म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर. आजच्या ब्रॉड गेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर आहे. मीटर गेज स्वस्त पडत असे, वळणे तीव्र घेता येत आणि घाटात ते सोयीचे होते. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोंढ्याहून बेळगावपर्यंत गाडी आली. त्याच सुमारास मुरगाव बंदराहून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतला मार्ग पूर्ण झाला आणि पुढे पुण्यापर्यंतचा रस्ताही जोडला गेला. त्यानंतर बेळगावचा माल मुरगावकडे वळला आणि वेंगुर्ल्याचे बंदर हळूहळू मागे पडले. एका गावाला रेल्वे मिळाली की दुसऱ्या गावाचा बाजार बसतो, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासात फार वेळा घडली आहे.

कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्टेशन होते. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत तिथे सामानाची झडती होई. आपल्यापैकी ज्यांची सोयरीक गोव्यात आहे, त्यांच्या घरी लग्नाचे दागिने झडतीतून नेल्याच्या गोष्टी अजून सांगतात.

याच रेल्वेच्या पहिल्या काळातली फोटोची एक गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. स्वामी विवेकानंद परिव्राजक म्हणून हिंडत असताना ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापुराहून बेळगावला आले आणि इथून पुढे मडगावला गेले. बेळगावच्या मुक्कामात त्यांचा फोटो काढला गेला आणि तो आज त्यांच्या त्या काळातल्या मोजक्या फोटोंपैकी एक मानला जातो. शिकागोच्या आधीचे हे वर्ष. ज्या गावात फोटोचा स्टुडिओ होता, रेल्वे होती आणि फोटो काढून घ्यायचा आग्रह करणारे यजमान होते, त्या गावाने नकळत एवढे जपून ठेवले.

उपनगर कसे वाढले

शहर, किल्ला, कॅम्प आणि शहापूर ही जुनी वस्ती. शहापूर हे तर सांगली संस्थानात होते, म्हणजे एका बाजूला इंग्रजांचा मुलूख आणि चार पावलांवर पटवर्धनांचा. रूळ आल्यावर रुळांच्या कडेची मोकळी जमीन वस्तीखाली येऊ लागली. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली. पुढे उभ्या राहिलेल्या या उपनगराला त्यांचेच नाव मिळाले. पेठांची नावे मात्र पुण्याच्या धर्तीवर वारांची ठेवली : सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

१९२४ च्या २६ आणि २७ डिसेंबरला इथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी व्यवस्था उभी केली. जागेला विजयनगर नाव दिले आणि पाण्यासाठी विहीर खोदली. त्या विहिरीला आजही आपण काँग्रेस विहीर म्हणतो आणि रस्त्याला काँग्रेस रोड. रस्ता आणि रूळ तिथे बराच पल्ला शेजारी-शेजारी चालतात. म्हणूनच टिळकवाडीचे पत्ते आपण अजून गेटवरून सांगतो : पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे रेल्वे गेट. ज्यांनी कधी रेल्वेने प्रवास केला नाही, तेही आपले घर ‘दुसऱ्या गेटच्या अलीकडे’ असेच सांगतात.

माझ्याकडे येणारे पेशंटही तसेच बोलतात. “पोटात कधीपासून दुखतंय?” असे विचारले की उत्तर येते, “तिसऱ्या गेटवर पूल व्हायच्या आधीपासून.” पूल आणि गेट ही आमच्याकडे तारीख सांगायची साधने आहेत. खानापूर रोडवरचा जुना रेल्वे पूल पाडून नवा झाला, कपिलेश्वर मंदिराजवळ उड्डाणपूल आला, स्टेशनची नवी इमारत २७ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली आणि त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा या दुहेरी मार्गाचेही लोकार्पण झाले. आता विजेच्या तारा आल्या आहेत. ज्या जागेवर आपण लहानपणी गेट उघडायची वाट बघत सायकलवर एक पाय टेकून उभे असू, ती जागा आज फोटोशिवाय दाखवता येत नाही. फोटोंना महत्त्व आले ते यामुळे.

डब्यावरची अक्षरे

रेल्वेच्या फोटोची तारीख काढायची असेल, तर माणसांच्या चेहऱ्याआधी डब्यावरची, वाघिणीवरची, कंदिलावरची अक्षरे बघावीत. आपल्याकडचा रूळ एकच, पण मालक चार वेळा बदलले.

पहिली सदर्न मराठा रेल्वे, म्हणजे एस. एम. आर. १९०८ च्या आरंभी ती मद्रास रेल्वेशी एकत्र झाली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. आपल्या आजोबांच्या तोंडी तिचे नाव नेहमी ‘एम. एस. एम.’ असे. १४ एप्रिल १९५१ रोजी ती, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली, म्हणजे एस. आर. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हुबळी विभाग तिच्याकडे गेला. २००३ पासून आपण हुबळीला मुख्यालय असलेल्या नैर्ऋत्य रेल्वेत आहोत.

ही यादी पाठ करायची गरज नाही. एवढे लक्षात ठेवावे की अक्षरांवरून ‘या तारखेच्या आधीचा नाही’ हे खात्रीने सांगता येते. ‘या तारखेनंतरचा नाही’ हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही, कारण जुना डबा रंग न बदलता काही वर्षे धावू शकतो.

मग रुळांची रुंदी बघावी. रुळांमध्ये माणूस आडवा उभा असेल किंवा गँगमन पहार घेऊन बसलेला असेल, तर मीटर गेज आणि ब्रॉड गेज यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतो. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉड गेज झाला. बेळगावकडचा मात्र १९९० च्या दशकापर्यंत मीटरच राहिला. त्यामुळे मधली वीस-पंचवीस वर्षे बेळगावच्या माणसाला मुंबईला जायचे तर मिरजेला गाडी बदलावी लागे. मिरज हे तेव्हा तीन गेजचे स्टेशन होते : बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद गेज, आपला मीटर आणि पुण्याचा ब्रॉड. डोक्यावर ट्रंक आणि हाताला मूल घेऊन मिरजेचा पूल ओलांडणारी आई हे आमच्या पिढीच्या आठवणीतले चित्र आहे. तुमच्याकडच्या फोटोत एका बाजूला मोठी गाडी आणि दुसऱ्या बाजूला लहान गाडी दिसत असेल, तर तो बहुधा मिरजेचा असेल, बेळगावचा नाही.

इंजिनावरूनही अंदाज येतो. मीटर गेजवरची वाय. पी. आणि वाय. जी. ही वाफेची इंजिने स्वातंत्र्यानंतरची. पहिले प्रवासी गाडीसाठी, दुसरे मालगाडीसाठी. इंजिनाच्या अंगावर वाय. जी. लिहिलेले दिसले, तर तो फोटो १९२४ चा असू शकत नाही, मग घरातले कितीही शपथेवर सांगोत.

रस्त्यावरच्या खुणा

रस्त्याच्या फोटोत पाट्या बघाव्यात. आपल्या सीमाभागात पाटी हा नाजूक विषय आहे. म्हणूनच ती थंड डोक्याने वाचावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यानंतर म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. सरकारी पाटीवर राज्याचे किंवा गावाचे नाव स्पष्ट दिसत असेल, तर फोटो या चार कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात जातो हे ठरते. वाहनाच्या नंबरात केए-२२ दिसले, तर तो १९८९ नंतरचा. दुकानाच्या पाटीवर फोन नंबर असेल, तर त्यात किती आकडे आहेत ते मोजावे. आकडे जितके कमी, तितका फोटो जुना.

खांब, तारा, छपरे, कुंपणे हेही बघावे. मंगळुरी कौलांच्या घरांवर पुढे स्लॅब आले. टांग्याच्या जागी रिक्षा आली. गेटची झुलती फळी जाऊन वर उचलणारा दांडा आला. यातली एक खूण पुरेशी नसते. तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तरच तारीख लिहावी.

फोटो उलटाही छापलेला असू शकतो. काच किंवा फिल्म उलटी ठेवली की डावे उजवे होते. पाटी नसेल तर पुरुषांच्या सदऱ्याच्या गुंड्या, बायकांचा पदर आणि जेवणाचा हात बघावा. पंगतीच्या एका फोटोत सगळे डावखुरे दिसले, तेव्हा आम्हाला ते कळले.

कागद, कडा आणि पाठ

आता फोटोच्या कागदाकडे वळू. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचे नाव छापलेला फोटो सहसा जुना. नागमोडी कातरलेली पांढरी कड बहुतेक करून १९३० ते १९६० या काळातली. चौकोनी काळा-पांढरा फोटो, प्रत्येक बाजू साधारण सहा सेंटिमीटर, असा असेल तर तो १२० नंबरच्या रोलवर काढलेला. आपल्याकडे असे फोटो बहुतेक वेळा आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याचे असतात. हा कॅमेरा बडोद्यात बनत असे, त्यामुळे बडोदेकर मंडळींनी त्याचा अभिमान धरायला हरकत नाही. रोलला बारा फोटो येत. म्हणून मध्यमवर्गीय घरात एका लग्नाचे बारा, फार तर चोवीस फोटो सापडतात आणि प्रत्येकात निदान वीस माणसे कोंबलेली असतात.

फोटोची पाठ बघितल्याशिवाय तो परत करू नये. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, कुणाची तरी मोडीतली ओळ, पोस्टकार्डाच्या रेघा, यांतले काहीही तिथे असते. आम्ही प्रदर्शनासाठी सुरुवातीला फक्त पुढची बाजू स्कॅन केली आणि मग सगळे काम पुन्हा करावे लागले.

डॉक्टरांनी फोटो काढण्याची परंपराही आपल्या भागाला आहे. १८५५ नंतर मुंबई सरकारने धारवाड-म्हैसूर भागातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याचे काम डॉ. पिगू या लष्करी वैद्यकीय खात्यातल्या डॉक्टरांना दिले होते. ते फोटो १८६६ साली ग्रंथरूपाने निघाले. १८७४ साली जेम्स बर्जेस यांनी बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांची पाहणी करून अहवाल लिहिला आणि त्यात आपल्या किल्ल्यातल्या जैन मंदिरांची नोंद घेतली. किल्ल्यातली कमल बसदी १२०४ सालची, रट्टांच्या काळातली. आम्ही जैन माणसे तिथे दर्शनाला जातो, पण तिचे जुने चित्र बघायचे तर अशाच अहवालांचा आधार घ्यावा लागतो. घरोघरच्या अल्बममध्ये बसदीपुढे उभे राहून काढलेले फोटो आहेत. त्यांत माणसांमागे बसदीचा कुठला दगड कुठे होता, तेही टिपले गेले आहे. फोटो काढणाऱ्याच्या मनात ते नव्हते. पण जुन्या फोटोत असे न ठरवता आलेले पुष्कळ असते आणि अभ्यासकाला तेच हवे असते.

माझी चूक

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो.

होमिओपॅथीत पेशंटची हकिगत घेण्याला मोठे स्थान आहे. हानेमानने ‘ऑर्गेनन’मध्ये बजावले आहे की, उत्तर सुचवणारा प्रश्न वैद्याने विचारू नये. “रात्री जास्त दुखते का?” असे विचारले की पेशंट भिडेखातर “हो” म्हणतो आणि मग औषध चुकते. “केव्हा दुखते?” असे विचारावे आणि गप्प बसावे. हा नियम मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. फोटोच्या बाबतीत मात्र मी नेमके उलटे केले. घरातल्या सगळ्यांना मी विचारले, “हा अधिवेशनाचाच ना?” सगळे म्हणाले, “हो, तोच.” आत्याला तर मी विचारलेच नाही. तिचे डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, म्हणून तिला त्रास नको, असे मी स्वतःला सांगितले.

मूळ फोटोत डावीकडे आणखी काही होते. वळकटीवर बसलेल्या दोन बायका, एक परकरातली मुलगी आणि एक पितळी कळशी. ‘काँग्रेसचे प्रतिनिधी’ या माझ्या मजकुरात ते बसेना. म्हणून मोठा करताना मी तो भाग काढून टाकला. संबंध नाही, असे वाटले.

आत्याने मूळ फोटो मागवला. बोट ठेवून म्हणाली, “ही मी. ही आई. ही शेजारची काकू. आम्ही गोमटेश्वरला निघालो होतो. मला खिडकी पाहिजे होती म्हणून मी रडत होते, बघ की तोंड.” मग आजोबांवर बोट ठेवून म्हणाली, “आणि हे बाबा. चोविसाव्या वर्षी माणूस एवढा पिकलेला असतो होय रे? डॉक्टर ना तू?”

आजोबांचा जन्म १९०० चा. फोटोतल्या माणसाच्या कानशिलावरचे केस पांढरे आहेत, गालाची हाडे वर आलेली आहेत. रोज माणसांचे चेहरे बघणाऱ्या मला ते दिसले नाही, कारण मला दुसरे काही बघायचे होते.

मग मी सगळ्या खुणा नव्याने तपासल्या. एस आणि आर यांच्यामधली टोपी मी एम समजून वाचली होती. मूळ फोटो भिंगाखाली धरला. टोपीमागे एम मावेल एवढी जागाच नव्हती. डब्यावर फक्त एस. आर. होते, म्हणजे फोटो १४ एप्रिल १९५१ नंतरचा. शिवाय माझे वाचन बरोबर धरले असते, तरी अडचण होतीच. १९२४ साली सदर्न मराठा हे एकटे नाव जाऊन सोळा वर्षे झाली होती. फोटोची कड नागमोडी. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी होतो. विसाव्या शतकात तो १९१०, १९२५, १९४०, १९५३, १९६७ असा झाला. १९२५ चा अभिषेक काँग्रेस अधिवेशनानंतर अवघ्या तीन महिन्यांत होता, म्हणून क्षणभर मला वाटले की आपली चूक थोडक्यात निभावेल. पण आत्याचा जन्म १९४२ चा आणि डब्यावर एस. आर. आहे. १९६७ शक्य नाही, कारण आजोबा १९६१ साली वारले. उरते १९५३. मार्चमधला तो अभिषेक. बेळगावहून लोंढा, हुबळी, हरिहर करत आर्सिकेरेपर्यंत मीटर गेजने आणि पुढे मोटारीने, असा आत्याने प्रवास सांगितला. रेल्वेच्या नकाशाशी तो जुळतो.

दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली. पूर्ण फोटो लावला आणि खाली लिहिले, ‘श्रवणबेळगोळ यात्रेला निघालेले टिळकवाडीतील कुटुंब, दक्षिण रेल्वे, मार्च १९५३. वर्ष : डब्यावरची अक्षरे आणि फोटोतील व्यक्तीची माहिती यांवरून. स्थळ बेळगाव स्टेशन : फोटोतील व्यक्तीच्या सांगण्यावरून.’ काही मंडळींना ते आवडले नाही. एकजण म्हणाले, “डॉक्टर, घरचाच फोटो आहे, राहू द्यायचा होता. कुणाचे काय बिघडले असते?”

माझ्या मते बरेच बिघडले असते. आपण सीमाभागातली माणसे जुने फोटो नुसते आठवण म्हणून जपत नाही. कुठे कुठली भाषा चालत होती, कुठे कुणाचे दुकान होते, कुणाचे आजोबा कशात होते, याचा पुरावा म्हणूनही आपण ते पुढे करतो. शंभर फोटोंपैकी एकाखाली खोटी ओळ असेल, तर आपल्याशी वाद घालणारा नेमकी तीच काढून दाखवील आणि उरलेले नव्याण्णव फोटोही संशयात पडतील. चुकीची पाटी मुद्दाम लिहिलेली नव्हती, हे सांगून मग भागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आजोबा अधिवेशनाला गेले होते की नाही? आत्या म्हणते, गेले होते, पाणी वाहिले होते, पण तेव्हाचा फोटो नाही. मी ते तिच्या आवाजात मोबाइलवर नोंदवून घेतले आहे. ती सांगितलेली हकिगत आहे आणि हकिगत म्हणूनच ती राहील. तिला फोटोचा आधार मिळवून देण्याच्या नादात मी आज्जीला कापून टाकले होते. आज्जीचे एवढे स्पष्ट दिसणारे फोटो आमच्या घरात दोनच आहेत. त्यातला हा एक.

आपण काय करावे

शेवटी थोडे औषध सांगतो, कारण डॉक्टरकडून लोक ते अपेक्षितात.

फोटो अल्बममधून जबरदस्तीने सोलू नयेत. चिकट पानांच्या अल्बमला चिकटला असेल, तर आधी पानासकट स्कॅन करावा. सेलोटेप कधीही लावू नये, तिचा डाग जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येते. म्हणून फोटो भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तर मुळीच नको. कागदी पाकिटात, डब्यात, कोरड्या जागी ठेवावेत आणि दिवाळीनंतर एकदा सावलीत वारा द्यावा. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. शाई आणि बॉलपेन नको. स्कॅन करताना कडा आणि पाठ दोन्ही घ्याव्यात. मोठा करताना काहीही कापू नये. नको वाटणारा भागच पुढे कामाचा ठरतो.

आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला फोटो दाखवून एवढेच विचारावे, “यात काय दिसतंय?” मग गप्प बसावे. नाव, वर्ष, प्रसंग आपण सुचवू नये. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि खाली त्यांचे नाव व तारीख घालावी. आपल्याला आधी माहीत होते ते वेगळ्या ओळीत लिहावे.

संस्थेने प्रदर्शनातले सगळे फोटो आता या पद्धतीने पुन्हा नोंदवायला घेतले आहेत. प्रत्येक फोटोसमोर दोन रकाने आहेत : एकात फोटोत दिसणाऱ्या खुणा, दुसऱ्यात सांगणाऱ्याची माहिती. काम मोठे आहे. सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या मंडळींनीही आपापल्या उपनगराचे, आपल्या स्टेशनचे काम हाती घ्यावे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात स्कॅनर घेऊन बसतो. फोटो आणा. शक्य असेल तर ज्यांना तो फोटो आठवतो, त्यांनाही बरोबर आणा. जिने चढवत नसतील तर कळवा, मी घरी येईन.